ट्रॅव्हलिंग विल्बरीजचा बॉक्स सेट: आमच्या ड्रीम बँडच्या भांडणावर उतारा

आम्हा चौघा मित्रांमध्ये कॉलेजपासून एक खेळ चालू आहे, आता सगळ्यांची पन्नाशी आली तरी तो संपत नाही. खेळ सोपा, पाच जणांचा रॉक बँड बनवायचा, माणूस जिवंत असो की गेलेला, कुठल्याही काळातला चालेल, फक्त एका बँडमधून एकच माणूस घ्यायचा. बस. एवढ्यावर आमच्या किती रात्री गेल्यात आणि किती वेळा एकमेकांशी बोलणं बंद झालंय ते आमच्या बायकांना विचारा.

ड्रमवर जॉन बॉनहॅम, यावर कुणाचं दुमत नसतं. तिथून पुढे मारामारी. साताऱ्याचा मित्र गायक म्हणून फ्रेडी मर्क्युरीशिवाय कुणाचं नाव काढू देत नाही, कारण काय तर "अरे आपल्या पाचगणीत शिकलाय तो, सेंट पीटर्सला, तिथंच पहिला बँड, द हेक्टिक्स, त्यात पियानो वाजवायचा, आपल्या जिल्ह्याचा पोरगा आहे." आता यावर काय बोलणार. डॉक्टर मित्राला बेसवर जॉन एन्टविसल हवा असतो, बँकवाल्याला जॉन पॉल जोन्स, पण मग बॉनहॅम सोडावा लागतो कारण दोघं लेड झेपेलिन बँडचे, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. गिटारवर हेंड्रिक्स घेतला की बाकीचे काय करणार, नुसते बघत बसणार का, हा प्रश्न मी दरवेळी विचारतो आणि दरवेळी मला गप्प बसवतात.

तर सांगायचा मुद्दा हा की या सगळ्या भांडणाला कंटाळून मी शेवटी ट्रॅव्हलिंग विल्बरीजचा बॉक्स सेट घेतला आणि ग्रुपवर फोटो टाकला, म्हटलं बाबांनो, हे बघा, खरोखरचा झालेला ड्रीम बँड. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी, इएलओ बँडचा जेफ लिन. पाच माणसं, नियमात बसतात, वेगवेगळ्या घरची.

आधी वस्तूबद्दल. हा २००७ साली ऱ्हायनो या रेकॉर्ड कंपनीने काढलेला सेट आहे, दोन सीडी आणि एक डीव्हीडी. पहिल्या सीडीवर १९८८ चा 'व्हॉल्यूम वन', दुसरीवर १९९० चा 'व्हॉल्यूम थ्री'. मधला टू कुठे गेला म्हणून शोधू नका, तो नाहीच, हॅरिसनचा चावटपणा आहे तो. या दोन्ही रेकॉर्ड कित्येक वर्षं बाजारातून गायब होत्या, म्हणून २००७ ला जेव्हा एकत्र आल्या तेव्हा इंग्लंडात हा सेट थेट एक नंबरला जाऊन बसला, मूळ अल्बम तिथे सोळाव्या नंबरच्या वर कधी गेला नव्हता. मी नवा नाही घेतला, वापरलेला मागवला ऑनलाइन एका विक्रेत्याकडून, २,४०० ला पडला, आणि ज्याने पॅक केला त्याने बहुतेक पापड समजून पॅक केला असावा कारण पुठ्ठ्याची एक कड चेपलेली आणि आतला प्लास्टिकचा दात तुटलेला, डीव्हीडी उघडली की घरंगळत खाली पडते. डिस्कवर ओरखडा नाही म्हणून परत नाही केला. मुंबईचं रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झाल्यापासून हे असंच चालायचं, हातात घेऊन उलटंपालटं करून बघायचे दिवस संपले.

माझी विल्बरीजशी ओळख मात्र भरून घेतलेल्या कॅसेटवर झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला वन आणि दुसऱ्या बाजूला थ्री, दोन्ही साधारण छत्तीस-छत्तीस मिनिटांचे, म्हणजे दोन्हीकडे टेप उरायची आणि तिथे भरून देणाऱ्याने स्वतःच्या आवडीने काहीतरी डिस्को टाकलेलं होतं. त्यामुळे अजूनही 'एन्ड ऑफ द लाइन' संपलं की माझ्या डोक्यात आपोआप डिस्को चालू होतो. कव्हर नव्हतं, नावं नव्हती, त्यामुळे दोन वर्षं मला हे माहीतच नव्हतं की गाणारे कोण आहेत, एक आवाज डिलनसारखा वाटायचा, म्हटलं कुणीतरी नक्कल करत असेल.

आणि गंमत म्हणजे कव्हर असतं तरी फार कळलं नसतं, कारण मूळ अल्बमवर कुणाचं खरं नावच नाही. सगळे विल्बरी भाऊ. हॅरिसन झाला नेल्सन विल्बरी, लिन ओटिस, पेटी चार्ली टी. ज्युनियर, ऑर्बिसन लेफ्टी, डिलन लकी. कव्हरवरचा मजकूरही असाच खोटा इतिहास, मॉन्टी पायथन या विनोदी टोळीतल्या मायकेल पेलिनने टोपणनावाने लिहिलेला. विचार करा, जगातली एवढी मोठी पाच नावं एकत्र आलीत आणि पाटीवर ती नावं टाकायचीच नाहीत. आपल्याकडे एखाद्या गणेशोत्सवात दोन मालिकांमधले कलाकार एकत्र आले तर चौकात केवढा फ्लेक्स लागतो.

बँड जमला कसा ही गोष्ट मला अल्बमइतकीच आवडते, कारण यात निवड वगैरे कुणी केलीच नाही. १९८८ चा एप्रिल, हॅरिसनला एका सिंगलच्या मागच्या बाजूला टाकायला एक जास्तीचं गाणं हवं होतं, बस, एवढंच काम. तो लॉस एंजेलिसमध्ये, त्याचा प्रोड्युसर जेफ लिन तेव्हा रॉय ऑर्बिसनबरोबर पण काम करत होता, तिघं जेवायला बसलेले, हॅरिसन म्हणाला उद्या रेकॉर्ड करायचंय, ऑर्बिसन म्हणाला मी पण येतो. स्टुडिओ कुठला मिळणार एवढ्या घाईत, तर डिलनच्या घरी मालिबूला गॅरेजमध्ये छोटा सेटअप आहे, त्याला फोन. आता हॅरिसनची गिटार राहिलेली टॉम पेटीच्या घरी, ती आणायला गेला तर पेटी म्हणाला मी पण येतो. झाला बँड! गॅरेजमध्ये एका खोक्यावर 'हँडल विथ केअर' असं लिहिलेलं दिसलं, तेच गाण्याचं नाव. रेकॉर्ड कंपनीने ऐकलं आणि म्हणाली हे मागच्या बाजूला टाकून वाया घालवू नका. मग मे महिन्यात हे पाच जण युरिदमिक्स बँडच्या डेव्ह स्टुअर्टच्या घरी जमले आणि दहा-एक दिवसांत उरलेली गाणी उरकली, कारण डिलनला जूनमध्ये टूरवर निघायचं होतं. गिटारी वाजवल्या कुठे, तर स्वयंपाकघरात. गोल बसून, पाच जण पाच गिटारी. नंतरची डागडुजी इंग्लंडात हॅरिसनच्या घरच्या स्टुडिओत.

इथे माझा मूळ मुद्दा येतो जो मी ग्रुपवर तीन व्हॉइस नोटमध्ये मांडला आणि कुणी ऐकला नाही. आपण ड्रीम बँड बनवतो तेव्हा माणसं नाही निवडत, माणसांची एकेक वर्षं निवडतो. डिलन घेतला तर तो १९६५ चा, हॅरिसन घेतला तर १९६९ चा. १९८८ चा डिलन तुमच्यापैकी कुणी टीममध्ये घेतला असता का, खरं सांगा? त्याच वर्षी आलेल्या त्याच्या अल्बमला लोकांनी नाकं मुरडली होती. ऑर्बिसन बावन्न वर्षांचा, हिट गाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची, नुकता कुठे लोकांना परत आठवायला लागलेला. पेटीचं घर आदल्या वर्षी कुणीतरी पेटवून दिलेलं. हॅरिसन पाच वर्षं गप्प बसून नुकताच १९८७ ला परत आलेला. म्हणजे निवड समितीच्या भाषेत सगळे फॉर्म गेलेले, आणि लिन तर बँड संपवून प्रोड्युसर झालेला. आणि ढोलताशात सांगायचं तर सगळेच ताशेवाले, ढोल कुणाकडेच नाही! पाचही जण गिटारवाले. ड्रमला जिम केल्टनर, ज्याला विल्बरी घराण्याचं नाव पण पूर्ण मिळालं नाही, बस्टर साइडबरी म्हणून बाजूला बसवला. हा तोच केल्टनर जो १९७१ ला न्यूयॉर्कच्या बांगलादेशवाल्या कॉन्सर्टला हॅरिसनच्या मागे होता. आमच्या चौघांच्या इतक्या वर्षांतल्या एकाही टीममध्ये केल्टनरचं नाव आलेलं नाही आणि मला याची आता लाज वाटते.

याउलट कागदावर मापून केलेले बँड बघा. क्रीम, १९६६, क्लॅप्टन, जॅक ब्रूस, जिंजर बेकर, तिन्ही आपापल्या जागी अव्वल, पण बेकर आणि ब्रूसचं एकमेकांशी आधीपासून वाकडं, १९६८ ला खेळ खलास. त्यातून क्लॅप्टन आणि बेकर उठले, स्टीव्ह विनवूडबरोबर ब्लाइंड फेथ केला, १९६९, एक अल्बम, एक टूर, संपलं. मी क्रीम कमी ऐकत नाही, उलट गिटार ऐकायची तर क्रीमच. पण तिथे तिघं एकमेकांवर कुरघोडी करताना ऐकू येतात आणि तीच त्याची मजा आहे, विल्बरीजमध्ये पाच जण एकमेकांना वाट करून देताना ऐकू येतात. फरक आहे.

आता गाणी. सगळ्यांवर लिहीत नाही, काही खरंच टाइमपास आहेत.

'हँडल विथ केअर' हेडफोनवर ऐका. हॅरिसन कडवं गातो, एकदम घरगुती, थोडा वैतागलेला आवाज, आणि मधेच दार उघडावं तसा ऑर्बिसन येतो. तो भाग खास त्याच्या गळ्यासाठी केला होता आणि ते कळतंच, इतर चौघं बोलल्यासारखे गातात आणि हा माणूस देवळात उभा राहून गातो. मग डिलन आणि पेटी नाकातून. तीन मिनिटांत चार वेगळे गळे आणि कुठेही शिवण दिसत नाही. 'नॉट अलोन एनी मोअर' पूर्ण ऑर्बिसनचं, ते रात्री एकट्याने ऐकायचं, गाडीत नाही.

'रॅटल्ड' हे लिनचं जुन्या रॉकबिली वळणाचं गाणं, त्यात केल्टनर जे काही वाजवतोय ते म्हणजे फ्रीजच्या आतल्या जाळ्या. खरंच, फ्रीज उघडून जाळ्यांवर काठ्या. मधे ऑर्बिसन त्याची ती प्रसिद्ध गुरगुर करतो. 'डर्टी वर्ल्ड'चे शब्द त्यांनी मासिकं चाळून, दिसेल तो शब्द ओरडून जमवले, आणि ते तसंच वाटतं, मला दोनदा ऐकून पुरे झालं. 'मार्गारिटा' का आहे हे मला तीस वर्षांत कळलं नाही.

'ट्वीटर अँड द मंकी मॅन'वर मात्र आमच्यात वेगळं भांडण आहे. डिलन आणि पेटी बसून लिहिलेली ही न्यू जर्सीतली लांबलचक चोर-पोलीस कथा, आणि ओळीओळीत ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांची नावं पेरलेली. बँकवाला म्हणतो ही टिंगल आहे, डॉक्टर म्हणतो मुजरा आहे. मला वाटतं मोठ्या भावाने धाकट्याच्या पाठीत दिलेला धपाटा आहे, लागतो पण आणि बरं पण वाटतं. फॉर्म गेलेला डिलन इथे एकदम जागा झालेला दिसतो, कारण उघड आहे, त्याला डिलन व्हायचं नव्हतं, लकी व्हायचं होतं.

आणि 'एन्ड ऑफ द लाइन'. अल्बम आला ऑक्टोबर १९८८ ला. अमेरिकेत तो पुढे तिसऱ्या नंबरपर्यंत चढला. पण ६ डिसेंबरला ऑर्बिसन हार्ट अटॅकने गेला, म्हणजे दोन महिने सुद्धा नाही झाले. या गाण्याचा व्हिडिओ त्यानंतर शूट झाला, आगगाडीच्या डब्यात बाकीचे बसून गातायत, आणि ऑर्बिसनची ओळ येते तेव्हा कॅमेरा एका झुलत्या खुर्चीकडे जातो, खुर्चीत त्याची गिटार, शेजारी फ्रेममध्ये फोटो. गाणं तसंच आनंदी चालू राहतं, कुणी रडत नाही. डीव्हीडीवर हा व्हिडिओ आहे. तेवढ्यासाठी सेट घेतला तरी पैसे वसूल.

हे बघताना मला दरवेळी आपलं संयुक्त मानापमान आठवतं. आजोबा त्याच्या गोष्टी सांगायचे, त्यांनीही ऐकीवच, त्यांच्या वडिलांकडून. १९२१ चा जुलै, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, दोन एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्या, एका रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. त्या काळातल्या प्रत्येक कट्ट्यावर हीच जोडी कुणीतरी मनातल्या मनात लावली असणार, आणि एका रात्री ती खरी झाली. आणि ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं, बाकीच्यांना पणजोबांच्या गप्पा. त्या मानाने ऑर्बिसनचं नशीब आणि आपलंही, की गॅरेजमध्ये टेप चालू होती.

व्हॉल्यूम थ्रीबद्दल थोडक्यात, कारण थोडक्यातच आहे. चौघं उरले, १९९० ला परत जमले, टोपणनावं पण बदलली, अल्बम लेफ्टीला अर्पण केला, ऑर्बिसनच्या जागी कुणाला घेतलं नाही ते फार बरं केलं. 'शी इज माय बेबी'वर गॅरी मूरची गिटार जबरदस्त आहे. पण मला तो गोडवा लागत नाही. पहिल्यात मित्र चुकून जमलेत, दुसऱ्यात ठरवून भेटलेत, आणि ठरवून केलेल्या गेट-टुगेदरला जो एक "काय मग, मजा ना?" असा सूर असतो तो इथे मधेमधे येतो. दोन्ही डिस्कवर दोन-दोन जास्तीची गाणी आहेत, त्यातलं 'मॅक्सीन' चांगलं आहे, बाकीची असली नसली सारखीच.

तक्रार एक खरी आहे, ती म्हणजे लिनचा साउंड. ड्रम एकदम ऐंशीच्या दशकातले, धप्प धप्प, आणि अकूस्टिक गिटारींचे थर एवढे की वेगळी गिटार ऐकू येत नाही, सगळ्याची मिळून एक चकचकीत लादी तयार होते. केल्टनरसारखा माणूस घेऊन त्याचे ड्रम असे दाबून टाकायचे हे पाप आहे. बँडचं नावच म्हणे त्यातून आलं, हॅरिसन आणि लिन आधीच्या अल्बमवर काम करताना काही चूक राहिली की म्हणायचे मिक्समध्ये पुरून टाकू, इंग्रजीत 'वुइल बरी', त्यावरून विल्बरी. पुरलं खरं, पण चुकांबरोबर चांगलंही पुरलं गेलं.

डीव्हीडीवरची फिल्म साधारण पंचवीस मिनिटांची आहे, म्हणजे लहान, पण स्वयंपाकघरात गोल बसून चाललेली गिटारबाजी त्यात दिसते, कुणीतरी ओळ सुचवतं, दुसरा हसतो, ऑर्बिसन काळा गॉगल लावून शांत बसलाय आणि बाकीचे त्याच्याकडे चोरून बघतायत, जसे आपण बघू तसेच. हॅरिसन, बीटल असून, फॅनसारखा. हे पुस्तिकेत लिहून कळत नाही. विल्बरीज कधी टूरवर गेले नाहीत त्यामुळे एवढंच काय ते बघायला.

घ्यायचा का? गाणी नुसती ऐकायची असतील तर स्ट्रीमिंगवर आहेत, तिथे ऐका, सीडी प्लेअर आता कुणाकडे आहे. फिल्मसाठी आणि पुस्तिकेसाठी घ्यायचा असेल तर जरूर, दोन-अडीच हजारापर्यंत ठीक, त्याच्या वर देऊ नका. विक्रेत्याला डिस्क धरणाऱ्या प्लास्टिकच्या दाताचा फोटो आधी मागा. पाचपैकी चार, व्हॉल्यूम वनला एकट्याला साडेचार.

शेवटचं. गेल्या रविवारी चौघं माझ्याकडे होतो, डॉक्टरने गिटार आणली होती आणि फिल्म बघून झाल्यावर त्याला 'रॅटल्ड' वाजवायची हुक्की आली. स्वयंपाकघरात गेलो, फ्रीज उघडला, तर आमच्या फ्रीजला सगळ्या काचेच्या फळ्या. साताऱ्याचा म्हणाला अरे मांडणी आहे ना. भिंतीवरची स्टीलची मांडणी, ताटं-वाट्या लावलेली, आणि त्याच्या हातात दोन लाटणी. ताटं न काढता वाजवलं तर आवाज जास्त भारी येतो, ताटं नुसती किणकिणतात मागे, शपथेवर सांगतो बॉनहॅमला जमणार नाही असं काहीतरी झालं साधारण दीड मिनिट. मग बायको आत आली, म्हणाली "अहो, खालच्या काकू दारात उभ्या आहेत." काकूंना वाटलं भांडी पडली.